व्हर्जिनिया कंपनीचा ताळेबंद

युरोपीय राष्ट्रांनी सोळाव्या व सतराव्या शतकांत समुद्रापलीकडे ज्या वसाहती वसविल्या, त्यांचा इतिहास आपल्याकडे बहुधा राजे, दर्यावर्दी आणि लढाया यांच्या अंगाने सांगितला जातो. परंतु यांतील कित्येक वसाहतींचा पाया राजाच्या सिंहासनापाशी नव्हे, तर व्यापाऱ्याच्या गादीवर घातला गेला, ही गोष्ट व्यापारी बंधूंनी विशेष ध्यानी घेण्याजोगी आहे. उत्तर अमेरिकेतील इंग्रजांची पहिली टिकाऊ वसाहत जे जेम्सटाउन, ते मुळात एका भागीदारी कंपनीचे ठाणे होते. या कंपनीने भांडवल कसे उभे केले, ते कशात खर्ची पडले, नफा कोणी नेला आणि तोटा कोणाच्या माथी बसला, हे पाहिले म्हणजे परदेशगमनामागील हेतू आणि त्यासाठी सोसलेली दुःखे यांचा परस्परसंबंध जितका स्पष्ट होतो, तितका तो लढायांच्या वर्णनांतून कधीही होत नाही.

भागीदारांची आशा

सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडची स्थिती मोठी चमत्कारिक होती. लोकसंख्या झपाट्याने वाढत होती. लोकरीच्या धंद्यास बरकत आल्यामुळे जमीनदार गावकुरणांना कुंपणे घालून मेंढ्या पाळू लागले होते आणि शेतीवरून उठलेली कुटुंबे लंडनच्या रस्त्यांवर येऊन पडत होती. सरदार-घराण्यांत वडिलार्जित जमीन थोरल्या मुलास मिळे, त्यामुळे धाकट्यांस नशीब काढण्यासाठी बाहेर पडणे भाग होते. उलट स्पेनची जहाजे दरवर्षी अमेरिकेतून चांदी भरभरून आणीत. ते ऐश्वर्य पाहून लंडनच्या धनिकांच्या मनात एकच प्रश्न घोळत असे, की जे स्पेनला लाभले ते आपणांस का लाभू नये?

यापूर्वी सर वॉल्टर रॅले यांनी रोअनोक बेटावर वसाहत वसविण्याचा यत्न केला होता. १५८७ साली तेथे शंभरावर स्त्री-पुरुष व मुले नेऊन ठेवली. १५९० मध्ये मदत घेऊन जहाज परतले, तेव्हा तेथे एकही मनुष्य सापडला नाही. एकट्या गृहस्थाच्या ऐपतीबाहेरचे हे काम आहे, हा धडा लंडनने त्यातून घेतला आणि जोखीम अनेकांत वाटून घेण्याचा मार्ग पत्करला. १० एप्रिल १६०६ रोजी राजा पहिला जेम्स याने व्हर्जिनिया कंपनीस सनद दिली.

या कंपनीचे प्रमुख सर टॉमस स्माइद हे १६०० साली स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीचे पहिले गव्हर्नर होत. ज्या वर्तुळातील पैसा सुरतेकडे जहाजे पाठवीत होता, त्याच वर्तुळातील पैसा अमेरिकेकडेही निघाला होता. १६०९ मध्ये दुसरी सनद मिळाल्यावर कंपनीने आपले भाग सर्वांस खुले केले. एका भागाची किंमत साडेबारा पौंड होती. साडेसहाशेहून अधिक व्यक्तींनी आणि लंडनमधील कारागीर-व्यापाऱ्यांच्या पन्नासाहून अधिक संघांनी भाग घेतले. सरदार, धर्मोपदेशक, कापडविके, मासळीचे व्यापारी असे सर्व थरांतील लोक त्यांत होते. चर्चमधील प्रवचनांतून हे धर्मकार्य असल्याचे सांगितले जाई, दरबारात ते राष्ट्रकार्य ठरे आणि पेढीवर ते किफायतीचे काम म्हणून मांडले जाई. हेतू तीन होते खरे, परंतु प्रत्यक्ष हुकूम सुटले ते तिसऱ्या हेतूस धरून. सोने शोधा, पूर्वेकडील समुद्रास जाणारा मार्ग शोधा आणि जहाजे रिकामी परत पाठवू नका, हा त्या हुकमांचा मथितार्थ होता.

दलदलीतील ठाणे

२० डिसेंबर १६०६ रोजी ‘सुसान कॉन्स्टंट’, ‘गॉडस्पीड’ आणि ‘डिस्कव्हरी’ ही तीन जहाजे लंडनहून निघाली. प्रतिकूल वाऱ्यामुळे ती कित्येक आठवडे इंग्लंडच्याच किनाऱ्याजवळ अडकून पडली आणि प्रवासाची शिधासामग्री तेथेच संपू लागली. पुढे मे १६०७ मध्ये सुमारे १०४ पुरुष व मुलगे जेम्स नदीतील एका बेटवजा भूभागावर उतरले. स्पॅनिश जहाजांच्या दृष्टीस पडू नये आणि मोठी जहाजे अगदी काठाशी लागावीत, या दोन सोयी पाहून ही जागा पसंत केली होती. पिण्याच्या पाण्याची सोय मात्र तेथे नव्हती. भोवती दलदल होती, डासांचा सुळसुळाट होता आणि उन्हाळ्यात समुद्राचे खारे पाणी नदीत शिरून तेथेच तुंबून राही.

आलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक ‘सभ्य गृहस्थ’ या वर्गातील होते. त्यांच्या हातांना नांगराची सवय नव्हती आणि ज्यांना होती त्यांना सोने शोधण्याचे काम लावण्यात आले होते. ऑगस्ट उजाडला आणि माणसे मरू लागली. कोणी रक्ती हगवणीने, कोणी तापाने, तर कोणी निव्वळ अन्नावाचून गेले. जहाजाच्या तळाशी महिनोन् महिने कुजलेले, किड्यांनी भरलेले धान्य पाण्यात शिजवून ते खात होते. आपले आजारी व मेलेले लोक स्थानिकांच्या दृष्टीस पडू देऊ नयेत, अशी कंपनीची ताकीदच होती. जानेवारी १६०८ मध्ये मदतीचे जहाज आले तेव्हा अवघी ३८ माणसे जिवंत होती.

या जहाजाने काय आणले, हे पाहण्यासारखे आहे. त्यातून नवी माणसे आली, थोडा शिधा आला आणि सोने पारखून गाळणारे कारागीर आले! मग उपाशी माणसांनी शेत सोडून माती उपसण्यास आरंभ केला. चकाकणाऱ्या मातीने भरलेले जहाज लंडनला गेले आणि तेथील पारख्यांनी ती माती कवडीमोल ठरविली. कॅप्टन जॉन स्मिथ याच्या हाती कारभार आला, तेव्हा त्याने जो काम करणार नाही त्यास जेवण मिळणार नाही, असा नियम केला आणि मृत्यूचे प्रमाण बरेच खाली आले. परंतु १६०९ मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटात भाजल्यामुळे तोही मायदेशी परतला.

ज्या भूमीवर हे ठाणे उभे होते ती ओसाड नव्हती. पोव्हाटन या अधिपतीच्या सत्तेखाली सुमारे तीस जमाती आणि चौदा-पंधरा हजार लोक तेथे नांदत होते. मक्याची शेती, मासेमारी आणि शिकार यांवर त्यांचा निर्वाह चाले. आरंभी त्यांनी तांबे, मणी आणि हत्यारे यांच्या मोबदल्यात इंग्रजांना मका दिला आणि त्यामुळेच ठाणे तगले. पण वृक्षांच्या खोडांतील वलयांवरून शास्त्रज्ञांनी आता असे सिद्ध केले आहे, की १६०६ ते १६१२ ही सलग वर्षे त्या प्रदेशात अनेक शतकांतील सर्वांत तीव्र अवर्षणाची होती. ज्यांच्या स्वतःच्या कणग्या रित्या होत्या, त्यांच्याकडे पाहुणे धान्य मागत होते आणि ते न मिळाल्यास बंदुकीच्या धाकाने नेत होते. वैर वाढले यात नवल नाही.

उपासमारीचा हिवाळा

दुसऱ्या सनदेनंतर जमलेल्या भांडवलातून जून १६०९ मध्ये नऊ जहाजांचा काफिला निघाला. वाटेत प्रचंड वादळ झाले. नव्या अधिकाऱ्यांना घेऊन निघालेले ‘सी व्हेंचर’ हे मुख्य जहाज बर्म्यूडा बेटांच्या खडकांवर आपटले. त्यावरील दीडशे माणसे आश्चर्यकारक रीतीने वाचली, पण दहा महिने ती तेथेच अडकली. उरलेली जहाजे भिजलेला शिधा आणि आजारी माणसे घेऊन जेम्सटाउनला पोचली. खाणारी तोंडे वाढली आणि धान्य मात्र वाढले नाही.

त्या हिवाळ्यात पोव्हाटनच्या लोकांनी ठाण्यास वेढा घातला. बाहेर पडणारा मारला जाई आणि आत राहणारा भुकेने झिजे. प्रथम घोडे खाल्ले, नंतर कुत्री-मांजरे, मग उंदीर व साप. अखेरीस जोड्यांचे कातडेही उकळून खाल्ले. माणसांनी प्रेते खाल्ल्याचे उल्लेख त्या काळच्या लेखांत आहेत. कंपनीचे वैरी बदनामीसाठी असे लिहीत असावेत, अशी शंका पुढे कित्येकांनी घेतली. परंतु २०१२ साली तेथील उत्खननात सुमारे चौदा वर्षांच्या एका इंग्रज मुलीचे अवशेष मिळाले आणि तिच्या कवटीवरील व जबड्यावरील सुरीच्या खुणांनी ही शंका २०१३ मध्ये कायमची मिटविली. त्या मुलीचे नाव कोणत्याही वहीत सापडत नाही.

तटबंदीच्या आत हिवाळ्यापूर्वी सुमारे तीनशे माणसे होती. वसंतात साठेक उरली. बर्म्यूडात अडकलेल्यांनी तेथील देवदार आणि फुटक्या जहाजाचे सामान यांतून दोन लहान जहाजे बांधली आणि मे १६१० मध्ये ते येऊन पाहतात तो दारे निखळलेली, घरे जळणासाठी मोडलेली आणि माणसांचे केवळ सापळे! सर्वांनी ठाणे सोडण्याचा निर्णय घेतला. ७ जूनला ते निघालेही. पण नदीच्या मुखाकडे जाताना लॉर्ड डे ला वॉर शिधा व माणसे घेऊन येत असल्याची वर्दी मिळाली आणि त्यांना परत फिरावे लागले. एका दिवसाच्या अंतराने वसाहत वाचली.

सामाईक कोठार आणि तीन एकर

पुढील व्यवस्था फार कडक होती. कोठारातील धान्य चोरणाऱ्यास मृत्युदंड ठेवण्यात आला. तरीही उत्पन्न वाढेना. याचे कारण व्यापारी मनुष्यास चटकन उमजेल. सर्वांनी राबावे, पीक सामाईक कोठारात घालावे आणि नफा सात वर्षांनी लंडनमध्ये वाटला जावा, अशी ही योजना होती. ज्याने घाम गाळला त्याच्या ताटात त्यातील काय पडणार, याची शाश्वती नव्हती. शेवटी सर टॉमस डेल यांनी जुन्या वसाहतवाल्यांस प्रत्येकी तीन एकर जमीन स्वतःच्या कसणुकीस दिली. तेव्हा धान्याचे उत्पन्न पूर्वीच्या कित्येक पटींनी वाढल्याचे तत्कालीन अधिकाऱ्यांनी नमूद केले आहे. कायद्याच्या धाकाने जे झाले नाही, ते तीन एकरांनी केले.

लंडनमध्ये मात्र पैसा आटत चालला होता. भाग घेतलेले लोक पुढील हप्ते देईनात. कंपनीने काहींवर दावे लावले आणि १६१२ च्या तिसऱ्या सनदेने सोडत काढण्याची परवानगी मिळविली. गावोगावी चिठ्ठ्या विकून वसाहतीचा खर्च भागू लागला. १६१६ मध्ये वाटणीची मुदत भरली, तेव्हा तिजोरीत रोकड नव्हती. म्हणून भागीदारांना दर भागामागे ५० एकर जमीन देण्याचे ठरले. जी जमीन दुसऱ्याची होती, तीच लाभांश म्हणून वाटली गेली!

तंबाखूची तेजी

काच करून पाहिली, रेशीम करून पाहिले, लाकूड व डांबर पाठवून पाहिले, पण कशानेही हिशेब जुळेना. अखेर जॉन रॉल्फ नावाच्या वसाहतवाल्याने १६१२ च्या सुमारास स्पॅनिश मुलखातील गोडसर तंबाखूचे बी लावून पाहिले आणि कंपनीला जे सोने खाणीत मिळाले नाही ते शेतात उगवले. १६१४ मध्ये रॉल्फने पोव्हाटनची कन्या पोकाहॉन्टस हिच्याशी विवाह केला, त्यामुळे काही वर्षे शांतता राहिली. ती तरुण स्त्री १६१७ मध्ये इंग्लंडच्या भेटीवरून परतताना ग्रेव्हझेंड येथे मरण पावली. त्याच वर्षी व्हर्जिनियातून सुमारे २०,००० पौंड वजनाचा तंबाखू निर्यात झाला. जेम्सटाउनच्या बाजारचौकात आणि रस्त्यांवरही तंबाखू लावलेला नव्या अधिकाऱ्यास दिसला. तंबाखूपूर्वी दोन एकर मका लावलाच पाहिजे, असा नियम करावा लागला, कारण भुकेची आठवण ताजी असूनही भावाची भुरळ तिच्याहून बलवत्तर ठरत होती.

आपल्याकडील वाचकांस, विशेषतः बेळगाव भागातील बंधूंस, तंबाखूच्या तेजी-मंदीची ओळख करून द्यावयास नको. निपाणीची पेठ याच मालावर नावारूपास आली. ही अमेरिकेची वनस्पती पोर्तुगीजांमार्फत दक्षिणेत आली आणि असद बेग याने विजापुराहून ती अकबराच्या दरबारी नेली, ती जवळपास याच काळात. एका खंडातील पान दुसऱ्या खंडांतील माणसांचे दैव कसे फिरवते, याचे हे ठळक उदाहरण होय.

तंबाखूस हात फार लागतात. म्हणून स्वखर्चाने जो एक मनुष्य आणील त्यास ५० एकर जमीन, असा नियम १६१८ मध्ये झाला. गरीब तरुण भाड्याच्या पैशांसाठी चार ते सात वर्षांची सेवा लिहून देत आणि त्यांचे करारपत्र तेथे विकले जाई. लंडनच्या रस्त्यांवरील अनाथ मुले गोळा करून पाठविण्यात आली. विवाहासाठी स्त्रिया पाठविण्यात आल्या आणि त्यांच्या प्रवासखर्चापोटी वराने आधी १२० व पुढे १५० पौंड तंबाखू द्यावा असे ठरले. ऑगस्ट १६१९ मध्ये ‘व्हाइट लायन’ हे जहाज वीसहून अधिक आफ्रिकी माणसे घेऊन आले. अंगोलातून नेल्या जाणाऱ्या या माणसांना एका पोर्तुगीज जहाजावरून लुटून आणले होते. वसाहतीने त्यांना शिधासामग्रीच्या मोबदल्यात घेतले. त्याच्या तीनच आठवडे आधी, ३० जुलै रोजी, त्याच जेम्सटाउनमध्ये अमेरिकेतील पहिली लोकप्रतिनिधींची सभा भरली होती. स्वातंत्र्याचे आणि दास्याचे बीज एकाच उन्हाळ्यात, एकाच मातीत पडले.

एका मुलाचे पत्र

या सर्व व्यवहाराची खरी किंमत रिचर्ड फ्रेथॉर्न याच्या पत्रात वाचावयास मिळते. हा तरुण करारबद्ध नोकर म्हणून आला होता आणि मार्च-एप्रिल १६२३ मध्ये त्याने आईवडिलांस पत्र लिहिले. वर्षापूर्वीच, २२ मार्च १६२२ रोजी, पोव्हाटनचा भाऊ ओपेचॅन्कनो याने जमिनी गिळत चाललेल्या या वसाहतीवर एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ला करून ३४७ माणसे मारली होती. शेते ओस पडली होती आणि भूक पुन्हा आली होती. फ्रेथॉर्न लिहितो, की वाटाण्याची पेज आणि पाणी याखेरीज पोटात काही जात नाही, अंगावर धड कपडा नाही आणि होता तो अंगरखा एका सोबत्याने चोरून विकला. मला पैसे भरून सोडवा, अशी तो विनवणी करतो. आणि तितकी ऐपत नसेल तर चीज, लोणी, मांस असे काही पाठवा, ते येथे मोठ्या नफ्याने विकले जाईल व त्या नफ्यातून माझी सुटका करता येईल, असे तो सुचवितो. भुकेला मुलगा आईवडिलांकडे खाऊ मागतो, तोही विकण्यासाठी! नफ्यासाठी उभारलेल्या त्या वसाहतीत दयेची याचनाही नफ्याच्या भाषेत करावी लागत होती.

इंग्रजांनी या हल्ल्याचा सूड उगविला. शेते जाळली आणि १६२३ मध्ये तहाच्या बोलणीस आलेल्यांना विषमिश्रित मद्य पाजले. पुढील वर्षी, मे १६२४ मध्ये, राजाने कंपनीची सनद रद्द केली. कंपनीने आपल्या हयातीत सहा हजारांहून अधिक माणसे पाठविली होती. १६२५ च्या आरंभी झालेल्या मोजणीत बाराशेच्या आसपास आढळली. काही परतली असतील, परंतु फार मोठा भाग त्या मातीतच पुरला गेला. भागीदारांचे पैसेही बुडाले. वसाहत मात्र टिकली आणि तंबाखूच्या बळावर वाढतच गेली.

दुसरी वसाहत, दुसरी वही

याच काळात उत्तरेस प्लिमथ येथे दुसरी वसाहत उभी राहत होती. १६२० च्या अखेरीस ‘मेफ्लॉवर’ जहाजाने १०२ प्रवासी तेथे पोचविले. त्यांतील पुष्कळ जण आपल्या पंथाप्रमाणे उपासना करता यावी म्हणून देश सोडून निघाले होते. तरी भाडे आणि शिधा यांसाठी त्यांनाही लंडनच्या व्यापाऱ्यांचे भांडवल घ्यावे लागले. पहिल्या हिवाळ्यात जवळजवळ निम्मे लोक मेले. १६२१ मध्ये कर्ज फेडण्यासाठी भरून पाठविलेले जहाज फ्रेंचांनी वाटेत लुटले. तरीही या लोकांनी देणे नाकारले नाही. १,८०० पौंडांवर तडजोड झाली, दरवर्षी २०० पौंडांचा हप्ता ठरला आणि वसाहतीतील प्रमुखांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतले. बीव्हर या प्राण्याची कातडी विकून, प्रसंगी आपली घरे-जमिनी विकून त्यांनी १६४८ मध्ये अखेरचे खाते मिटविले. ही सचोटी निःसंशय वाखाणण्याजोगी आहे. मात्र त्यांचेही घर साथीने ओस पडलेल्या एका जुन्या गावाच्या जागेवर उभे होते, हे विसरता येत नाही.

दोन्ही ठिकाणी थंडी तीच, भूक तीच आणि मृत्यूही तोच. फरक इतकाच, की प्लिमथमध्ये ज्यांनी निर्णय घेतला तेच प्रथम उपाशी राहिले, आणि जेम्सटाउनमध्ये लंडनच्या गादीवर घेतलेल्या निर्णयाची भूक तीन हजार मैलांवरील माणसांनी भोगली.

आपणांस काय घेण्याजोगे?

हेच लंडनचे व्यापारी हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांचे वर्तन निराळे होते. येथे मोगलांचे बलाढ्य राज्य होते आणि सुरतेस वीरजी व्होरांसारखे धनाढ्य जैन सावकार होते, ज्यांच्या दारी इंग्रज वखारवाल्यांना कर्जासाठी वारंवार जावे लागे. समोरचा तुल्यबळ असला की व्यापार हा व्यापार राहतो. तो दुर्बळ दिसला की त्याचे आक्रमण होण्यास वेळ लागत नाही. पुढे बळाचे पारडे फिरल्यावर आपल्याकडेही तेच घडले.

म्हणूनच आपल्या शास्त्रकारांनी व्यापाऱ्यावरील मर्यादा समोरच्याच्या बळावर नव्हे, तर स्वतःच्या व्रतावर सोपविली. श्रावकाच्या गुणव्रतांत दिग्व्रत आहे. कोणत्या दिशेस किती दूर जावयाचे याची मर्यादा आपणच घालून घ्यावयाची. घरी बसून राहावे असा त्याचा अर्थ नव्हे. लोभास कोठेतरी सीमा असावी, एवढाच आहे. चोराने आणलेला माल घेणे हा अचौर्यव्रताचा अतिचार मानला आहे. पंधरा कर्मादानांत केशवाणिज्य, म्हणजे द्विपाद व चतुष्पाद जीवांची खरेदी-विक्री, वर्ज्य सांगितली आहे. ‘व्हाइट लायन’ जहाजावरील व्यवहार या दोन्ही कसोट्यांवर तत्क्षणी निषिद्ध ठरला असता. हे नियम आपल्या पूर्वजांनी सर्वकाळ तंतोतंत पाळले, असा दावा करणे धाडसाचे होईल. पण निदान वहीत कोणता स्तंभ असावयास हवा, हे त्यांना ठाऊक होते.

व्हर्जिनिया कंपनीच्या वहीत जहाजांचे भाडे होते, शिध्याची किंमत होती, तंबाखूचे वजन होते. वेढ्यात मेलेली चौदा वर्षांची मुलगी, मका हिरावला गेलेला पोव्हाटनचा शेतकरी, अंगोलातून आणलेली वीस माणसे आणि वाटाण्याच्या पेजेवर जगणारा फ्रेथॉर्न यांच्यासाठी मात्र तीत रकाना नव्हता. ज्यांचे धैर्य आणि कष्ट यांवर ती वसाहत उभी राहिली, त्यांच्याविषयी आदर बाळगूनही हे म्हटले पाहिजे. दिवाळीस वहीपूजन करताना आपण वहीच्या डोक्यावर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ हे दोन शब्द लिहितो. त्यांत ‘शुभ’ आधी येतो, याचा अर्थ जेम्सटाउनच्या इतिहासाइतका स्पष्ट क्वचितच कोठे वाचावयास मिळेल.